वीस आम्लांचे बंधन आणि प्रथिनांचे वैविध्य

प्रथिनांच्या वैविध्याची चर्चा बहुतेक पाठ्यपुस्तकांत एका हिशेबाने सुरू होते आणि तिथेच थांबते. अमिनो आम्ले वीस. शंभर आम्लांची साखळी करायची तर प्रत्येक जागेसाठी वीस पर्याय, म्हणजे एकावर १३० शून्ये एवढ्या वेगवेगळ्या साखळ्या शक्य. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या एकावर ८० शून्यांच्या आसपास मानली जाते, तिच्यापुढेही हा आकडा अफाट ठरतो. केस, रेशीम, डोळ्यातले भिंग, सापाचे विष, रक्ताला लाली देणारे हिमोग्लोबिन हे सारे त्याच वीस घटकांतून कसे घडले, याचे उत्तर या आकड्याने मिळाले असे विद्यार्थ्याला वाटते. हिशेब बरोबर आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. किती साखळ्या शक्य आहेत हे तो सांगतो. त्यांतल्या फार थोड्याच प्रथिन म्हणून उभ्या का राहतात, आणि ज्या राहतात त्या एकमेकींपासून इतक्या वेगळ्या का, यावर तो काहीच बोलत नाही. माझे म्हणणे असे की प्रथिनांचे वैविध्य पर्यायांच्या विपुलतेतून आलेले नाही. ते पर्यायांवर पडलेल्या बंधनांतून आले आहे. मोजकेच घटक, त्यांचा ठरलेला क्रम, साखळीला वळण्याची मोजकी मुभा आणि सगळ्या घटकांची एकच बाजू: या बंधनांमुळेच वेगळेपणाला अर्थ येतो.

प्रथम संख्येचाच भ्रम पाहू. २००१ मध्ये अँथनी कीफ आणि जॅक शोस्टाक यांनी ८० अमिनो आम्लांच्या, यादृच्छिक क्रमाच्या सुमारे सहा लाख कोटी साखळ्या तयार केल्या आणि त्यांतून एटीपी या रेणूला धरून ठेवणाऱ्या साखळ्या वेचल्या. अशा साखळ्या मिळाल्या. पण प्रमाण होते साधारण दहा हजार कोटींत एक. या प्रयोगातून दोन गोष्टी एकदम दिसतात. उपयोगी प्रथिन योगायोगाने मिळणे अशक्य नाही, आणि तरीही बहुसंख्य साखळ्या काहीच करीत नाहीत. निसर्गाने वेचलेल्या साखळ्यांचे आकार पाहिले तर हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने समोर येते. १९९२ मध्ये सायरस चोथिया यांनी अंदाज केला होता की बहुतांश प्रथिने हजाराच्या आसपास घराण्यांतच मोडतील. त्यानंतर लाखो रचना उलगडल्या, २०२२ मध्ये तर अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने सुमारे वीस कोटी प्रथिनांच्या आकारांचे अंदाज खुले केले. तरी घडीचे मूळ नमुने मोजकेच राहिले आहेत. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठी कापल्या की आत जो गुलाबी रंग दिसतो तो लेगहिमोग्लोबिनचा. देवमाशाच्या स्नायूतले मायोग्लोबिन आणि हे झाडाचे प्रथिन यांच्या साखळ्यांत सारखी आम्ले पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी जागी सापडतात, पण घडी एकच आणि पोटातला लोहधारी हीमही तसाच. क्रम एवढा बदलूनही घडी टिकते, याचा अर्थ बदल कोठे चालेल आणि कोठे मुळीच चालणार नाही, याचे नियम फार कडक आहेत. त्या नियमांच्या चौकटीत एक प्रथिन देवमाशाला खोल पाण्यात प्राणवायू साठवून देते आणि दुसरे मुळाच्या गाठीत प्राणवायू आवरून धरून नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या एन्झाइमला जपते.

ही बंधने कोणती? पहिले बंधन क्रमाचे, आणि ते मान्य व्हायला विज्ञानाला बराच काळ लागला. १९३० च्या दशकात माक्स बेर्गमान आणि कार्ल नीमान यांनी असा सिद्धान्त मांडला होता की प्रत्येक अमिनो आम्ल साखळीत ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येते. कापडाच्या नक्षीसारखी पुनरावृत्ती असेल तर वैविध्य फक्त प्रमाणाचे उरते: यात ग्लायसिन जास्त, त्यात कमी. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी गायीच्या इन्सुलिनवर सुमारे दहा वर्षे खपून १९५५ पर्यंत एकावन्न आम्लांचा पूर्ण क्रम लावला, तेव्हा त्यात अशी कोणतीही पुनरावृत्ती सापडली नाही. एका साखळीत २१, दुसरीत ३०, आणि कोणत्या जागी काय असेल हे शेजारच्या जागेवरून सांगता येत नाही. मात्र गायीच्या प्रत्येक इन्सुलिन रेणूत ते तेच असते. अनियमित तरी अढळ अशी ही रचना होती. माणसाचे आणि डुकराचे इन्सुलिन केवळ एका जागी वेगळे, गायीचे तीन जागी. म्हणून तर जैवतंत्रज्ञानाने मानवी इन्सुलिन बनवायला सुरुवात होईपर्यंत जगभरच्या मधुमेहींचे प्राण या जनावरांच्या इन्सुलिनवर वाचले. क्रम सैल असता, तर एका प्राण्याचे प्रथिन दुसऱ्याच्या शरीरात असे काम करूच शकले नसते.

क्रमात किती सामावलेले असते, हे ख्रिस्तियान अ‍ॅनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या १२४ आम्लांच्या एन्झाइमवर दाखवून दिले. त्यात सिस्टीनची आठ आम्ले असतात आणि ती दोन-दोन मिळून गंधकाचे चार पूल बांधतात. आठांच्या चार जोड्या लावण्याच्या रीती १०५. अ‍ॅनफिन्सन यांनी युरियाच्या द्रावात हे प्रथिन पूर्ण उलगडले, पूल तोडले, आणि मग युरिया काढून टाकून त्याला आपोआप पुन्हा घडू दिले. एन्झाइमने १०५ रीतींमधली नेमकी मूळची रीत निवडली आणि ते पूर्ववत काम करू लागले. पण युरिया असतानाच पूल बांधू दिले, तेव्हा सरमिसळ झाली आणि उरले ते साधारण एक टक्का सामर्थ्य. मला हा दुसरा अर्धा प्रयोग पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. युरियात साखळीला सगळ्या रीती सारख्याच खुल्या होत्या आणि म्हणूनच तिचे काही घडले नाही. पाण्यात परत आल्यावर, पाण्याला टाळणारी आम्ले आत ओढली गेली, पाण्याशी जमणारी बाहेर राहिली, आणि या सक्तीनेच योग्य जोड्या समोरासमोर आणल्या. अमिनो आम्लांना विटा म्हणण्याची रूढ उपमा इथेच अपुरी पडते. वीट भिंतीत कोठेही लावली तरी वीटच राहते. ल्युसिन मात्र गाभ्यात असेल तर घडीचा आधार होते आणि पृष्ठभागावर उघडे पडले तर दुसऱ्या रेणूला जाऊन चिकटण्याचे निमित्त.

दुसरे बंधन भूमितीचे, आणि ते मोजून दाखवण्याचे श्रेय मद्रास विद्यापीठातल्या गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांचे. आम्लांना एकमेकांशी जोडणारा पेप्टाइड बंध सपाट आणि ताठ असतो, त्यामुळे साखळीला प्रत्येक आम्लापाशी फक्त दोन ठिकाणी वळता येते. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये या दोन कोनांचा एक चौकोनी नकाशा काढला आणि अणू एकमेकांवर आदळणार नाहीत अशा जागा त्यावर खुणावल्या. बहुतेक आम्लांसाठी नकाशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निषिद्ध निघाला. उरलेल्या बेटांत मळसूत्राकार अल्फा वळण आणि बीटा पट्टे नेमके बसतात. संगणकाचा उपयोग तेव्हा आजच्यासारखा सरसकट नव्हता. अणूंची मापे आणि काटेकोर विचार एवढ्या भांडवलावर उभे राहिलेले हे काम आज जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत नवी प्रथिनरचना तपासताना पहिली कसोटी म्हणून वापरले जाते. भारतीय विज्ञानाचे हे यश आपल्या शालेय पुस्तकांत चार ओळींत उरकले जाते याची मला मनापासून खंत वाटते. रामचंद्रन यांना या वाटेवर आणले ते कोलाजेनने, म्हणजे कातडी, हाडे आणि स्नायुबंध यांना बळकटी देणाऱ्या प्रथिनाने. गोपीनाथ कार्था यांच्यासह त्यांनी १९५४-५५ मध्ये त्याची तिपेडी रचना मांडली. तीन साखळ्यांचा पीळ एवढा घट्ट असतो की दर तिसऱ्या जागी ग्लायसिनच हवे. बाजूला केवळ एक हायड्रोजन असलेले तेच एक आम्ल पिळाच्या आत मावते. त्या एका जागी दुसरे आम्ल आले तर हाडे काचेसारखी ठिसूळ होण्याचा जन्मजात आजार होऊ शकतो. एकीकडे इतके अनुदार बंधन, आणि दुसरीकडे सस्तन प्राण्यांच्या शरीरातले सर्वांत विपुल प्रथिन तेच.

तिसरे बंधन बाजूचे. ग्लायसिन सोडले तर प्रत्येक अमिनो आम्लाचे डाव्या आणि उजव्या हातांसारखे दोन आरसारूप अवतार असतात, आणि पेशीतली प्रथिने बनवणारी यंत्रणा केवळ डावे वापरते. उजवे निसर्गात नाहीत असे नाही. जिवाणूंच्या पेशीभित्तीत उजवे अ‍ॅलानिन असते. दोन्ही वापरले असते तर घटकांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली असती आणि हिशेबाच्या भाषेत वैविध्य कल्पनेपलीकडे वाढले असते. पण डावे-उजवे कसेही मिसळलेल्या साखळीत अल्फा वळण मोडते. १९९२ मध्ये स्टीफन केंट यांच्या गटाने एचआयव्हीचे एक एन्झाइम संपूर्ण उजव्या आम्लांतून घडवले. ते उत्तम घडले, पण फक्त उजव्या आम्लांची साखळी कापू लागले. डाव्यांची त्याला ओळखही पटेना. म्हणजे बाजू डावी की उजवी याला महत्त्व नाही, सगळ्यांनी एकच धरण्याला आहे.

आपण जेवतो तेव्हा पचते तेही याच एकवाक्यतेमुळे. तुरीच्या दाण्यातले साठवणीचे प्रथिन माणसाच्या कोणत्याच कामाचे नाही. पण आतड्यात त्याचे तुकडे होऊन जी आम्ले सुटतात ती माणसाच्याही वीसांतलीच असतात, आणि उद्या तीच हिमोग्लोबिनमध्ये जाऊन बसतात. त्यांतली नऊ शरीर स्वतः बनवू शकत नाही. तांदूळ-ज्वारीत लायसिन तोकडे पडते, डाळींत मिथिओनिन. म्हणून वरण-भात किंवा पिठले-भाकरी एकमेकांची उणीव भरून काढतात. प्रत्येक जीवजातीने स्वतःची निराळी शंभर आम्ले वापरली असती तर वैविध्य कागदावर वाढले असते, आणि एका जीवाचे अन्न दुसऱ्याच्या अंगी लागणे मात्र जवळपास थांबले असते.

या मांडणीवर पहिला आक्षेप सरळ आहे. बंधन इतके गुणकारी असेल तर वीस तरी कशाला? पाचांत का भागू नये? प्रश्न नुसता तर्काचा नाही, प्रयोगाचाही आहे. १९९३ मध्ये मायकेल हेक्ट यांच्या गटाने दाखवले की पाण्याला टाळणारे आणि पाण्याशी जमणारे एवढा दोन प्रकारांचा क्रम सांभाळला, आणि त्या-त्या प्रकारात नेमके कोणते आम्ल हे नशिबावर सोडले, तरी चार मळसूत्रांची जुडी उभी राहते. १९९७ मध्ये डेव्हिड बेकर यांच्या गटाने एक छोटे प्रथिन बहुतांशी पाचच प्रकारच्या आम्लांतून घडवले आणि ते नीट घडी धरून बसले. तेव्हा घडीसाठी वीस लागत नाहीत, हे मान्यच केले पाहिजे, आणि माझ्या म्हणण्याला त्याने बळच मिळते. पण प्रथिनाचे काम घडीपाशी संपत नाही. शरीराच्या आम्लतेच्या आसपासच प्रोटॉन घेऊ-सोडू शकणारे हिस्टिडिन, पूल बांधणारे सिस्टीन, साखळीला ताठ कोपरा देणारे प्रोलिन: एकेकाचा स्वभाव दुसऱ्याकडून भरून निघत नाही. संख्या महत्त्वाची आहे ती स्वभावांचा पल्ला व्यापण्यापुरती. तो व्यापला की आणखी भर घालून फारसे हाती लागत नाही.

आणि भर घालायला सामग्री नव्हती असेही म्हणता येत नाही. सप्टेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ पडलेल्या अशनीत सत्तरहून अधिक अमिनो आम्ले सापडली आहेत. त्यांतली मोजकीच आपल्या वीसांतली. आयसोव्हॅलिनसारखी आम्ले, जी त्या अशनीत भरपूर आहेत, ती कोणत्याही जीवाच्या जनुकीय संकेतात नाहीत. उलट ट्रिप्टोफॅन, हिस्टिडिन अशी गुंतागुंतीची आम्ले निर्जीव रसायनांतून सहज बनत नाहीत, म्हणून ती जीवनाने नंतर स्वतः घडवून सामील करून घेतली असावीत असे पुष्कळ संशोधक मानतात. हाताशी पडलेले टाकून दिले आणि कष्टाने मिळवायचे ते घेतले, अशा संचाला निव्वळ योगायोग म्हणणे मला पटत नाही. नंतर सापडलेले एकविसावे सेलेनोसिस्टीन आणि २००२ मध्ये ओळखलेले बाविसावे पायरोलायसिन मोजक्याच प्रथिनांत, मोजक्याच कामांपुरती येतात. दाराशी आलेल्या प्रत्येकाला प्रवेश मिळालेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. क्रम आणि घडी हेच सर्वस्व आहे का? क्रम तोच राहूनही प्रथिन वेगळे होते, याचे पुरावे कमी नाहीत. साखळी तयार झाल्यावर तिच्यावर फॉस्फेट बसते, साखर जडते. कोलाजेनमधल्या प्रोलिनला हायड्रॉक्सिल गट मागाहून लागतो, त्यासाठी क जीवनसत्त्व लागते, आणि ते न मिळाल्याने पूर्वी लांबच्या सफरीवरचे खलाशी स्कर्व्हीने मरत. बदकाच्या डोळ्याच्या भिंगातले एक क्रिस्टॅलिन हे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हेच एन्झाइम आहे: क्रम एक, कामे दोन. स्टॅन्ली प्रूसिनर यांनी १९८२ मध्ये नाव दिलेल्या प्रायॉनमध्ये तर एकाच साखळीच्या दोन घड्या दिसतात, एक निरुपद्रवी आणि दुसरी मेंदू पोखरणारी. काही प्रथिने कायमची घडी धरतच नाहीत आणि तशा सैल अवस्थेतच कामे करतात. केवळ क्रमाकडे बोट दाखवणारा अ‍ॅनफिन्सनचा धडा इथे अपुरा पडतो, हे उघड आहे. पण या प्रत्येक उदाहरणात नवे वैविध्य आले ते नव्या बंधनातून. फॉस्फेट बसवणारे एन्झाइम कोणत्याही जागी फॉस्फेट बसवत नाही, विशिष्ट शेजार असलेले सेरिन किंवा टायरोसिन शोधते. भिंगातले ते एन्झाइम पारदर्शक राहते ते दाटीवाटीने पण न गोठता बसण्याच्या त्याच्या क्षमतेमुळे. आणि प्रायॉनची विकृत घडी पसरते ती मोकळीक मिळाल्याने नव्हे. शेजारच्या रेणूवर आपलाच आकार लादून ती पुढे जाते. बंधन सजीवाच्या हिताचेच असते असा माझा दावा नाही. ते रूप घडवते, एवढेच मी म्हणतो.

तिसरा आक्षेप आजच्या प्रयोगशाळांतून येतो. पीटर शुल्ट्झ यांच्या गटाने २००१ पासून जिवाणूंना वीसांबाहेरची आम्ले प्रथिनांत बसवायला लावली. जेसन चिन यांच्या गटाने २०१९ मध्ये ६४ ऐवजी ६१ च जनुकीय संकेतांवर (कोडॉनवर) जगणारा जिवाणू घडवला आणि मोकळ्या झालेल्या संकेतांवर पुढे नवी आम्ले नेमली. मग वीसांचे बंधन तोडूनच वैविध्य वाढते असे का म्हणू नये? या कामाची रीत पाहिली की शंका फिटते. नव्या आम्लासाठी एक स्वतंत्र वाहक आरएनए लागतो आणि त्यावर फक्त तेच आम्ल चढवणारे, जुन्या वीसांपैकी कोणालाही हात न लावणारे एन्झाइम लागते. या जोडीतली शिस्त ढिली पडली तर नवे आम्ल नको तिथे घुसते आणि पेशी मरणाला लागते. सगळी मेहनत जाते ती नवे रसायन बनवण्यात नाही, या जोडीला वेगळे राखण्यात. बेकर यांनी २००३ मध्ये निसर्गात तोवर न दिसलेल्या घडीचे टॉप-७ हे ९३ आम्लांचे प्रथिन रचले, तेही नेहमीच्या वीसांतूनच. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा या रचनाकामासाठीच आहे.

हा वाद नुसता तात्त्विक नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजारात तो गडचिरोली, नंदुरबार आणि सातपुड्यातल्या हजारो आदिवासी कुटुंबांच्या आयुष्याशी येऊन भिडतो. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी दाखवले की हिमोग्लोबिनच्या १४६ आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, एवढाच या आजाराचा उगम. अनेकांनी यातून असा निष्कर्ष काढला की व्हॅलिन हेच दोषी आम्ल. पण व्हॅलिन प्रत्येक निरोगी हिमोग्लोबिनमध्ये डझनावारी आहे. आणि त्याच सहाव्या जागी लायसिन आले तर होणारे हिमोग्लोबिन सी पुष्कळ सौम्य असते. दोष जागेचा आणि शेजाराचा आहे: पृष्ठभागावर आलेले पाण्याला टाळणारे हे व्हॅलिन, प्राणवायू सोडलेल्या शेजारच्या रेणूतल्या फेनिलअ‍ॅलानिन आणि ल्युसिनच्या खाचेत जाऊन बसते, रेणूमागून रेणू जोडले जाऊन ताठ दोरे तयार होतात आणि तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात.

म्हणूनच औषध कोणते चालते हेही पाहण्यासारखे आहे. हायड्रॉक्सियुरिया व्हॅलिनला हातही लावत नाही. ते शरीराला गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा अधिक बनवायला लावते. त्या हिमोग्लोबिनच्या गॅमा साखळीत ८७ व्या जागी थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन असते, आणि अशा इतर काही फरकांमुळे ती दोऱ्यात सामील होत नाही. ती मध्ये आली की दोरा पुढे वाढत नाही. पश्चिम आणि मध्य भारतातल्या पुष्कळ रुग्णांत हे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मुळातच तुलनेने जास्त असते, त्यामुळे त्यांच्यापैकी अनेकांचा आजार आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा सौम्य असतो, सर्वांचा नव्हे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुकसंपादनाचा उपचारही सहाव्या जागेची दुरुस्ती करीत नाही. तोही याच गॅमा साखळीवरचा लगाम सोडवतो. त्याच वर्षी जुलैमध्ये शहडोल इथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत लाखोंची तपासणी होते, आणि बदललेले जनुक एकाच पालकाकडून मिळालेल्यांच्या हाती वाहकाचे कार्ड पडते. ते कार्ड हाती पडलेल्या तरुणीला ‘तुझ्या रक्तात एक खराब आम्ल आहे’ असे सांगणे शास्त्रालाही धरून नाही आणि तिच्यावर अन्यायकारकही आहे. तिच्या प्रत्येक तांबड्या पेशीत साध्या बीटा साखळ्याही आहेत, दोरे वाढू न देण्याइतक्या. आणि बहुतेक वाहकांचे आयुष्य त्यामुळे कोणत्याही त्रासाविना जाते.